बर्फाच्या दिवसांत लहान विमान उतरताना

विमान हवेत तरंगतं कसं याचं नवल आता कुणाला फारसं राहिलेलं नाही. पण वैमानिकाचा खरा कस लागतो तो उतरताना. वर असताना चूक झाली तर सावरायला उंची असते, वेळ असतो. उतरताना उंची संपत आलेली असते, वेग मुद्दाम कमी केलेला असतो आणि समोर ठराविक लांबीची एक धावपट्टी असते. ती काही वैमानिकाच्या सोयीसाठी लांबत नाही. अमेरिकेत लहान विमानांच्या अपघातांची नेमाने मोजदाद होते, तिच्यात उतरतानाचे अपघात संख्येने नेहमी पुढे असतात. त्यांतले बहुतेक थोडक्यावर निभावतात. चाकाचा दांडा मोडतो, नाकावरचा पंखा वाकतो, आतली माणसं कपडे झटकत बाहेर येतात. बर्फाच्या दिवसांत मात्र या हिशेबाचा भरवसा राहत नाही. असं का होतं, ते समजावून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा डोळ्यांसमोर येत नाही. कोकणात काय नि देशावर काय, बर्फ पाहायचा तो उसाच्या रसाच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या पेटीत. पण कॅनडात आणि अलास्कात लहान विमान ही चैन नव्हे. अलास्कातल्या पाचांपैकी चार वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. टपाल, औषधं, किराणा, अडलेली बाळंतीण, सगळं काही चार-दहा आसनांच्या विमानातून येतं-जातं. आपल्या आडगावाला जशी एस्.टी., तसं तिथं हे विमान. पावसाळा आला म्हणून एस्.टी. चार महिने बंद ठेवता येत नाही, तसंच हिवाळा आला म्हणून हे विमानही बंद ठेवता येत नाही.

आधी शब्दांची एक अडचण दूर करू. मराठीत आपण सरसकट सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण इथं तीन वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखं भुरभुरत येतं ते हिम. पाणी गोठून काचेसारखा घट्ट होतो तो बर्फ. आणि जमिनीवरचं हिम अर्धवट वितळलं की जो पाणचट चिखल होतो, त्याला राडा म्हणू. कोरडं हिम दिसायला कितीही भयंकर असलं तरी उडत्या विमानाच्या पंखाला ते फारसं चिकटत नाही, वाऱ्यानं निघून जातं. वैमानिक धसका घेतो तो बर्फाचा, आणि हा बर्फ ढगात तयार मिळत नाही. तो विमानावरच तयार होतो.

आता असं पाहा. शून्य अंशाला पाणी गोठतं, असं आपण शाळेत शिकलो. ढगातलं पाणी हा नियम पाळत नाही. ढगातले अगदी बारीक थेंब शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंत, आणि काही तर उणे ४० अंशांच्या आसपासही, पाणीच राहतात. गोठायला त्यांना काहीतरी निमित्त हवं असतं. साखरेचा पाक पातेल्यात कधी कधी अगदी शांत असतो आणि चमचा लावताच कडेकडेनं साखर धरू लागतो, त्यातलाच हा प्रकार. विमानाचा पंख हा तो चमचा. थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आपटतो आणि तिथंच गोठतो. थेंब बारीक असले तर आदळताक्षणी गोठून दुधी, खरबरीत थर बसतो. ते मोठे असले तर थोडे मागं पसरत जाऊन गोठतात आणि काचेसारखा जड, पारदर्शक थर चढतो. हा दुसरा अधिक वाईट, कारण तो चटकन दिसत नाही आणि सहज सुटत नाही. शून्य ते उणे २० अंश हा या सगळ्याचा मुख्य टापू, आणि उतरायला आलेलं विमान ढगांतून खाली येताना नेमकं याच टापूत बराच वेळ काढतं.

तुम्ही म्हणाल, बर्फाच्या वजनानं विमान खाली येत असेल. वजन वाढतं हे खरं, पण मुख्य दुखणं ते नव्हे.

आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचना डब्यात लिहिलेली असते, आणि लहानपणी प्रत्येकानं तो काढलेला असतो. तळहात जमिनीशी समांतर धरला आणि पुढची कड किंचित उचलली की वारा हात वर ढकलतो. विमानाचा पंख असाच उचलला जातो. गाडी हळू चालली तर तेवढाच जोर मिळवायला हात जास्त तिरपा करावा लागतो. पण तिरपेपणाला मर्यादा आहे. ती ओलांडली की पंखावरून नीट सरकत जाणारी हवा पृष्ठभागापासून सुटते, भोवरे होतात आणि वर उचलणारा जोर एकाएकी ढासळतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचं इंजिन बंद पडतं त्याला आपण तोच शब्द लावतो, पण इथं इंजिनाचा संबंध नाही. इंजिन उत्तम गुरगुरत असतं आणि पंखाखालचा आधार गेलेला असतो. यातून बाहेर यायचं तर नाक खाली करून वेग घ्यावा लागतो, म्हणजेच उंची खर्चावी लागते.

बर्फ काय करतो, तर ही मर्यादा अलीकडे आणतो. स्वच्छ पंख जेवढा तिरपा सोसतो तेवढा बर्फाळलेला सोसत नाही. त्यासाठी बोटभर थर लागतो असंही नाही. सुताराच्या जाड्या पॉलिशपेपरसारखा नुसता खरबरीतपणा पंखाच्या पुढच्या कडेवर आला, तर पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढतो, असं हवेच्या बोगद्यांतल्या प्रयोगांत आढळलं आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड इथं १९४४ पासून खास बर्फाच्या अभ्यासासाठी असा एक बोगदा चालू आहे. त्यात थंड केलेल्या हवेत पाण्याचे तुषार सोडून पंखांवर मुद्दाम बर्फ जमवतात नि मोजमापं घेतात.

उपाय नाहीत असं नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या विल्यम गीर नावाच्या रसायनतज्ज्ञानं गुडरिच या रबराच्या कारखान्याच्या साह्यानं एक सुटसुटीत युक्ती काढली. पंखाच्या पुढच्या कडेवर रबराच्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांत मधूनमधून हवा भरायची. पट्टी फुगते, वरचा बर्फ तडकतो आणि वाऱ्याबरोबर उडून जातो. ही युक्ती आजही हजारो विमानांवर आहे. तिच्या जोडीला एक समज मात्र पिढ्यानपिढ्या चालत आला. पट्टी लवकर फुगवली तर पातळ बर्फ तडकण्याऐवजी फुगून कमानीसारखा राहील, पुढं पट्टी त्या कमानीच्या आत नुसती फुगत राहील आणि बर्फ जाणार नाही. म्हणून पाव ते अर्धा इंच थर जमू द्यावा, मगच बटण दाबावं. वडीलधाऱ्या वैमानिकांनी सांगितलं, पुस्तकांत छापलं गेलं, आणि सगळ्यांनी मानलं.

९ जानेवारी १९९७ रोजी सिनसिनाटीहून डेट्रॉईटला निघालेलं तीस आसनांचं एक विमान उतरण्याच्या तयारीत वेग कमी करत होतं. आपल्या विषयाच्या मानानं हे विमान जरा मोठं, पण गोष्ट तीच. पंखावर पातळ, खरबरीत बर्फ चढला होता. विमान आपोआप चालवणारं यंत्र चालू होतं, आणि बिघडत चाललेला तोल ते यंत्र मुकाट्यानं सावरत होतं. त्यामुळे वैमानिकांच्या हातांना काहीच कळलं नाही. यंत्राची ताकद संपली तेव्हा त्यानं अंग काढून घेतलं आणि विमान कलंडून मन्रो गावाजवळच्या शेतात कोसळलं. २९ माणसं गेली. विमान बनवणाऱ्यांनी तोवर आपल्या पुस्तकात, बर्फ दिसताच पट्ट्या चालू करा, अशी दुरुस्ती केली होती. ती विमान चालवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात उतरलेली नव्हती. पुढं तज्ज्ञांनी हा कमानीचा समज तपासून पाहिला, तर आजच्या पट्ट्यांच्या बाबतीत त्याला आधार सापडला नाही. आता सल्ला अगदी उलट आहे. बर्फ धरू लागला असं दिसताच पट्ट्या चालू करा, थर जाड होण्याची वाट पाहू नका.

अर्थात पट्ट्या असल्या तर. चार आसनांच्या साध्या एक-इंजिनी विमानांवर बहुधा त्या नसतात. बर्फाचा अंदाज जाहीर झालेल्या ढगांत अशा विमानानं शिरायचं नाही असा कायदाच आहे. तरी चुकून शिरलाच, तर वैमानिकानं आल्या वाटेनं मागं फिरावं, किंवा उंची बदलून शून्याच्या वरची हवा गाठावी. तोपर्यंत समोरची काच दुधी झालेली असते. आणि पुढलं काही दिसेना म्हणून वैमानिक बाजूच्या खिडकीतून धावपट्टीची कड शोधतो आहे, असे प्रसंग या धंद्यात काही विरळा नाहीत.

आता या विषयातली खरी गाठ पाहू. पंखावर बर्फ असेल तर स्टॉल लवकर होतो, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेगानं उतरलं पाहिजे. पण खाली धावपट्टीवरही बर्फच आहे, तेव्हा विमान थांबवणं अवघड, म्हणून शक्य तितक्या कमी वेगानं टेकलं पाहिजे. वरचा बर्फ एक मागतो, खालचा बर्फ त्याच्या उलट मागतो, आणि दोघांनाही एकाच वेळी खूश करता येत नाही.

थोडा हिशेब करू. समजा विमान ताशी १०० किलोमीटर वेगानं टेकलं. चाकांना बरी पकड असलेल्या धावपट्टीवर, नुसत्या ब्रेकच्या जोरावर, ते सुमारे १०० मीटरांत थांबेल. बर्फावर टायरची पकड चौथा हिस्सा राहते असं धरलं, तर तेच विमान थांबायला ४०० मीटर घेईल. आता पंखावरच्या बर्फापायी वेग २० टक्क्यांनी वाढवला असं समजा. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ४०० चे जवळजवळ ५७५ मीटर होतात. शंभराचे पावणेसहाशे झाले ते असे. शिवाय जास्त वेगात विमान जमिनीला लगेच टेकत नाही, धावपट्टीवरून अधांतरी तरंगत जातं, ते अंतर निराळंच.

हा झगडा कागदावरचा नाही. ८ डिसेंबर २०१४ रोजी सकाळी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनजवळच्या गेदर्सबर्ग इथं, एक लहान जेट विमान उतरायला आलं. आत एक वैमानिक, तोच विमान चालवणारा, आणि दोन प्रवासी. बर्फ धरणाऱ्या ढगांतून ते खाली येत होतं. विमानावर रबरी पट्ट्यांची व्यवस्था होती, पण ती चालू केलेली नव्हती. उतरण्याचा वेगही स्वच्छ पंखाला पुरेल असा धरला होता. त्या विमानात पट्ट्यांचं बटण दाबलं की स्टॉलचा इशाराही जास्त वेगालाच मिळतो, म्हणजे वैमानिकाला सावरायला अवधी राहतो. बटण दाबलेलं नव्हतं, म्हणून इशारा उशिरा आला. धावपट्टी एका मैलाच्या आत राहिली असताना विमानाचा आधार सुटला आणि ते घरांच्या वस्तीवर पडलं. विमानातले तिघं गेले. एका घरात एक आई आणि तिची दोन लहान मुलं होती, तीही धुरानं आणि आगीनं गेली.

त्या धावपट्टीची लांबी सुमारे ४,२०० फूट. बर्फ असताना धरायच्या जास्त वेगानं उतरायचं तर पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे ती अपुरी पडत होती. बटण न दाबण्यामागं वैमानिकाचं मन काय म्हणत होतं, ते आता कोण सांगणार? पण कोष्टकात बसणारा आकडा आणि मनाला हवा असलेला आकडा यांची ओढाताण उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोष्टक जेव्हा ‘ही धावपट्टी पुरत नाही’ असं सांगतं, तेव्हा त्याचा सरळ अर्थ, ‘दुसरी शोधा’ असा असतो. वॉशिंग्टनचा मोठा विमानतळ काही मिनिटांच्या अंतरावर होता आणि त्याच्या धावपट्ट्या दुपटीहून लांब आहेत. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकन मंडळानं पुढं अशी शिफारस केली, की एकटा वैमानिक चालवतो अशा विमानांत, आता बर्फाची व्यवस्था चालू करा, असं यंत्रानंच बजावावं. मला ही शिफारस फार रास्त वाटते. एकाच माणसाला दिशा, उंची, वेग, रेडिओवरचं बोलणं आणि खिडकीतलं हिम, इतकं सगळं सांभाळायचं असतं तिथं आठवण करून देणारा कुणी पाहिजेच.

पंखाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, शेपटीकडे नसतं. शेपटीवरचा आडवा लहान पंख पातळ असतो, आणि पातळ कडेवर बर्फ लवकर धरतो. वैमानिकाला तो जागेवरून दिसतही नाही. या शेपटीचं काम उलटं असतं. ती विमानाची मागची बाजू खाली दाबून नाक वर ठेवते. उतरताना मुख्य पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण खाली केले की शेपटीवरचा ताण वाढतो. ती बर्फाळलेली असेल तर नेमकी तेव्हाच तिची पकड सुटते आणि नाक धाडकन खाली जातं. इथला उपायही उलटा. पंखाच्या स्टॉलमध्ये नाक खाली सोडायचं, तर इथं दांडा मागं ओढायचा नि फ्लॅप पुन्हा वर घ्यायचे. म्हणून बर्फ लागलेलं विमान उतरवताना फ्लॅप पूर्ण सोडू नयेत असं अनेक विमानांच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं. आणि फ्लॅप कमी म्हणजे वेग पुन्हा जास्त! खालच्या बर्फाशी भांडण आहेच.

जमिनीवर टेकल्यावरही सगळं मिटत नाही. बर्फाची एक मौज अशी, की कडक थंडीतला कोरडा बर्फ टायरला बऱ्यापैकी धरतो. सर्वांत निसरडा तो शून्याच्या आसपासचा, ज्याच्या अंगावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. नदीच्या घाटावरच्या शेवाळलेल्या पायऱ्या आठवा. अशा धावपट्टीवर आडवा वारा असला तर ब्रेकची गोष्टच सोडा, विमान सरळ धरणंही कठीण. कोरड्या जमिनीवर टायर कडेला घसरायला विरोध करतात, बर्फावर तो विरोध नसतो. वारा शेपटी ढकलतो आणि विमान वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करतं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना यंत्रानं लोटलेल्या हिमाचे घट्ट बांध असतात. त्यांत एक चाक रुतलं की विमान गर्रकन फिरतं. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळीही येत नाहीत, पण हिवाळी अपघातांत हा प्रकार नेहमीचा.

असाच आणखी एक छोटा प्रकार. काही विमानांच्या चाकांवर वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून निमुळती टोपणं बसवलेली असतात. उडण्यापूर्वी राड्यातून धावताना ती आतून राड्यानं भरतात. वर गेल्यावर राडा गोठतो, चाक आतल्या आत जखडतं, आणि उतरताना ते फिरतच नाही. टायर फुटतो, नाहीतर विमान एका बाजूला ओढलं जातं. जाणते वैमानिक हिवाळ्याच्या तोंडावर ही टोपणं काढून ठेवतात.

आता इंजिनाकडे वळू, कारण इथं आपल्या हवेशीही संबंध येतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? पाणी झिरपून वाफ होताना उष्णता ओढून घेतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तेच घडतं. आतल्या हवेचं तापमान वीस-तीस अंशांनीही उतरू शकतं. हवेत ओल असेल तर ती तिथंच गोठून हवेची वाट आवळते आणि इंजिन गुदमरतं. याला बाहेर बर्फाची थंडी लागत नाही. वीस अंश तापमान आणि दमट हवा एवढं पुरतं. म्हणजे पावसाळ्यातल्या सकाळी महाराष्ट्रातल्या एखाद्या शिकाऊ विमानालाही, त्यात कार्ब्युरेटर असेल तर, हा बर्फ धरू शकतो. हा प्रकार वाढतो तो इंजिनाचा जोर कमी केल्यावर, म्हणजे पुन्हा उतरतानाच. जोर कमीच असल्यामुळे इंजिन आजारी आहे हे कळत नाही. धावपट्टी जरा आखूड पडते आहेसं वाटून वैमानिक जोर मागतो, तेव्हा इंजिन खोकतं. म्हणून उतरण्याआधी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ ओढायची सवय शिकवतात.

इंधनातल्या पाण्याचं दुखणं याहून गुप्त. २२ मार्च २००९ रोजी एक-इंजिनी टर्बाइन विमान कॅलिफोर्नियातून मोंटाना राज्यात निघालं होतं. आत १४ माणसं, त्यांत सात मुलं. खूप उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत इंधनात विरघळलेलं पाणी वेगळं होऊन गोठतं आणि इंधनाची वाट अडवतं. ते टाळायला इंधनात एक औषध मिसळायचं असतं. ते मिसळलेलं नव्हतं. एका बाजूच्या टाकीतून इंधन नीट येईना, विमान डावीकडे जड होत गेलं. पुस्तक सांगत होतं की अशा वेळी जवळचा विमानतळ गाठा. वैमानिकानं पुढचीच वाट धरली आणि उशिरा ब्यूट गावाकडे वळला. तिथं काही हिमवादळ चालू नव्हतं. पण धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर ते एकीकडे झुकलेलं विमान हातात राहिलं नाही. कुणी वाचलं नाही. थंडी वर होती, बर्फ नळीत होता, आणि अपघात उतरताना झाला.

दोन गोष्टी ओझरत्या सांगतो. थंड हवा दाट असते, आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळ त्यामुळे फसतं. विमानतळावर उणे ३० अंश असेल तर घड्याळात धावपट्टीपासून १,००० फूट उंची दिसत असताना विमान सुमारे १९० फूट खाली असतं. डोंगराळ मुलखात एवढा फरक पुरेसा आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांची. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, सावली कुठंच नाही, अशा उजेडात जमीन किती खाली आहे ते कळत नाही. कुणी वीस फूट वर असतानाच टेकलो समजतो, कुणी अजून उंच आहोत समजून जमिनीत शिरतो. अलास्कातले वैमानिक गोठलेल्या तळ्यावर उतरायच्या जागी सूचीपर्णी झाडांच्या हिरव्या फांद्या ओळीनं टाकून ठेवतात, म्हणजे नजरेला काहीतरी टेकू मिळतो.

राहिला प्रश्न, वर असलेल्या वैमानिकाला खालची धावपट्टी किती निसरडी आहे ते कळायचं कसं? पूर्वी ‘ब्रेक बरे लागतात’, ‘बेताचे लागतात’ अशी मोघम भाषा चाले, आणि एकाचं ‘बरे’ दुसऱ्याचं ‘वाईट’ असे. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिम पडत असताना एक मोठं प्रवासी विमान धावपट्टी संपवून कुंपण तोडून रस्त्यावर गेलं. रस्त्यावरच्या मोटारीतलं सहा वर्षांचं एक मूल दगावलं. त्यानंतर बसलेल्या समितीच्या कामातून शून्य ते सहा अशी एक मोजपट्टी ठरली. सहा म्हणजे कोरडी धावपट्टी, पाच म्हणजे पकड चांगली, तीन म्हणजे मध्यम, एक म्हणजे वाईट, आणि शून्य म्हणजे उतरूच नये. अमेरिकेत ती ऑक्टोबर २०१६ पासून वापरात आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत तशीच पद्धत आली. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाचा आकडा वेगळा देतात. म्हणून वैमानिकाला ‘पाच, तीन, एक’ असं ऐकू आलं, की टेकण्याच्या टोकाला पकड आहे, पण थांबण्याच्या टोकाला नाही, हे त्याला वरच कळतं.

ही सोय मोठ्या विमानतळांची. लहान गावच्या धावपट्टीवर आकडा द्यायला रात्री माणूसच नसतो. तिथं आधी उतरलेला वैमानिक विमान कडेला लावतो, आणि इंजिन बंद करण्याआधी रेडिओवर मागून येणाऱ्याला सांगतो, की मधोमध ठीक आहे, पण पलीकडच्या टोकाला शेवटच्या दिव्यांपाशी काचेसारखं आहे, तिथं ब्रेकला पाय लावू नकोस.